तीस गुंठे लॉन, चार एकर शेत आणि एक छोटा ट्रॅक्टर

कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची चार एकर शेती: दीड एकर ऊस, एक एकर आलं, उरलेल्यात सोयाबीन आणि घेवडा. याशिवाय रस्त्याकडेच्या तुकड्यात ३० गुंठे लॉन केलं आहे, ते लग्न, साखरपुडा, बारशाला भाड्यानं देतात. त्या लिहितात, "वायर ओढत चालणाऱ्या मशीननं लॉन कापायला दोन माणसांचे दोन दिवस जातात. उसाला भर लावायच्या वेळी भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही. दोन्हीला चालेल असा छोटा ट्रॅक्टर घ्यावा म्हणते. किती एचपीचा घेऊ? फोर व्हील लागेल का? जुना चालेल का? मालक पुण्यात नोकरीला असतात. मुलगा सोळा वर्षांचा आहे, तो चालवेल."

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. शेतासाठी २० ते २४ एचपीचा फोर व्हील, म्हणजे चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर बघा. लॉनसाठी २१ इंची पेट्रोलवर चालणारं, स्वतःच्या चाकांवर पुढे जाणारं मशीन वेगळं घ्या. ट्रॅक्टर त्या लॉनवर नेऊ नका, पावसाळ्यात तर अजिबात नको. दुकानदार "एकातच दोन्ही होतं की ताई" म्हणेल. होतं, पण तुमच्या तीस गुंठ्यांना ते परवडत नाही, आणि पैशापेक्षा जास्त हिरवळीला परवडत नाही.

आता हिशोब मांडू. ३० गुंठे म्हणजे ३२,६७० चौरस फूट. २१ इंची मशीन पट्ट्यावर पट्टा थोडा चढवत चालवायचं, म्हणून एका फेरीला दीड फूट धरा. ताशी ३ किलोमीटर ही माणसाची निवांत चाल. तासाला साधारण ९,८०० फूट चालणं झालं, दीड फुटानं १४,७०० चौरस फूट. वळणं, पिशवी रिकामी करणं, घोटभर पाणी पिणं यात पाव वेळ गेला तरी तासाला ११,००० चौरस फूट उरतात. तीन तासांत लॉन संपलं, तेही एका माणसात.

ट्रॅक्टरमागे चार फुटी मोअर जोडला तर कामाचा पट्टा साडेतीन फूट. ताशी ४ किलोमीटर चालवला तर तासाला ४५,९०० चौरस फूट. पण त्याला वळायला जागा लागते, झाडाभोवती, स्टेजच्या कडेला, कंपाउंडलगत तो जात नाही. तीस टक्के सोडून द्या, ३२,००० राहिले. म्हणजे एक तास. शिवाय राहिलेले कोपरे हातानं काढायचेच. ट्रॅक्टरनं वाचतात ते एका कापणीमागे फार तर दोन तास. त्या दोन तासांसाठी ६०० ते १,००० किलोचं धूड हिरवळीवर फिरवायचं का, एवढाच प्रश्न आहे.

मग सध्या दोन दिवस का जातात? पत्र वाचताना मला वाटलं की पात्यांना धार नसावी. आज संध्याकाळी एक काम करा. नुकत्याच कापलेल्या जागेतलं चार-सहा काड्या गवत उपटून टोकं उजेडात बघा. धारदार पात्यानं कापलेलं टोक सरळ असतं, खुरप्यानं कोथिंबीर कापावी तसं. बोथट पात्यानं टोकाच्या चिंध्या होतात, दोन दिवसांत ती टोकं पांढुरकी पडतात आणि लांबून सगळं लॉन आजारी दिसतं. बोथट पातं एका फेरीत कापत नाही, माणूस त्याच जागेवरून तीनदा जातो. त्यात वायर. दर फेरीला ती उचलून बाजूला टाकायची, आणि पावसाळ्यात ओल्या गवतात विजेची वायर ओढत फिरणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं काही केलं नाही तरी ते मशीन जूनच्या आधी बंद करा.

कापणीचं एक सूत्र लक्षात ठेवा: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवत तीन इंच झालं की दोनवर आणायचं. सहा इंच वाढू दिलं आणि एकदम दीडवर आणलं, तर खालचा पिवळा बुडखा उघडा पडतो आणि हिरवेपणा यायला पंधरा दिवस लागतात. भर पावसात आठवड्यातून दोनदा कापावं लागेल. तीन तासांचं काम असलं की माणूस ते करतो, दोन दिवसांचं असलं की पुढे ढकलतो. लॉन बिघडतं ते या ढकलण्यानं.

ट्रॅक्टर लॉनवर का नको, ते मी स्वतः चूक करून शिकलो आहे. मी मूळचा तासगावकडचा. आमच्याकडे छोटे ट्रॅक्टर आले ते द्राक्षबागेमुळे. आठ-दहा फुटांच्या ओळींत औषध फवारायचा ब्लोअर घेऊन फिरायला मोठा ट्रॅक्टर अडतो. माझाही तसाच, फोर व्हील, मागे शेताचे दाढेरी टायर. एका ओळखीच्यांच्या संस्थेचं मैदान कार्यक्रमाआधी कापून द्यायचं होतं. सप्टेंबर संपत आलेला, चार दिवस उघाड होती, वरची माती पांढरी पडलेली. मोअर लावून मी आत गेलो. पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. तिसऱ्या वळणाला पुढचं चाक वळलं आणि गवताचा सालपट निघावा तसा हातभर तुकडा उलटला, खाली काळी चिकट माती. घाबरून मागे घेतला, तर मागच्या चाकांनी चार बोटं खोल चाकोरी पाडली. कार्यक्रमाला आलेली म्हातारी माणसं त्या चाकोरीत अडखळत होती, ते मला बघवत नव्हतं. पोयटा आणि वाळू टाकून ती जागा सरळ करायला डिसेंबर उजाडला.

काळ्या जमिनीचं असंच असतं. वरून वाळलेली दिसते, खाली लोण्यासारखी असते. वरच्या इंचावर कधीच विश्वास ठेवू नका. जाड स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत दाबून बघा. अंगठ्याच्या जोरानं चार इंच सहज गेला तर त्या दिवशी कोणतंही जड वाहन आत नको, मांडववाल्याचा टेम्पोसुद्धा नको.

तुमच्या धंद्यात तर वेळापत्रकच उलटं आहे. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि उन्हाळ्यात संपतात. गवत जोमानं वाढतं जून ते ऑक्टोबर, म्हणजे चातुर्मासात, लॉन रिकामं आणि जमीन मऊ असताना. ज्या महिन्यांत कापणी सगळ्यात जास्त, त्याच महिन्यांत ट्रॅक्टर आत नेता येत नाही. आणि कार्तिकात पहिला मांडव पडेल तेव्हा गाडी बाहेर काढून चाकोऱ्या बुजवायला वेळ नसतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. शेतातून आलेल्या टायरच्या दाढांत चिखल असतो, आणि त्या चिखलात लव्हाळ्याच्या गाठी. एकदा लव्हाळा लॉनमध्ये उतरला की कापून मरत नाही, उपटला तर खालची गाठ राहते. उलट बाजूनंही तेच: लॉनमध्ये जी हरळी आपण खतपाणी घालून वाढवतो, तिचे तुकडे चाकाला आणि मोअरला चिकटून आल्याच्या वाफ्यात गेले तर तिथं ती पहिली वैरीण.

लॉन दोन एकरांच्या वर असतं, जमीन मुरमाड असती, तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा चपट्या नक्षीचे टर्फ टायर घ्यायचे आणि चार छोट्या चाकांवर चालणारा तीन पात्यांचा फिनिशिंग मोअर. पुढेमागे तुम्ही लॉन वाढवलं तर दोन गोष्टी जपा. पहिली, टर्फ टायर बदलायचे तर चारही एकदम आणि ट्रॅक्टरच्या कंपनीनं सांगितलेल्या जोडीचेच. फोर व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण बसवलेलं असतं. नुसते मागचे बदलले की ते बिघडतं आणि ताण गिअरबॉक्सवर येतो. दुसरी, लॉनवर आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील बंद करूनच चालवायचा. आणि स्लॅशर म्हणजे लॉन मोअर नव्हे, हे पक्कं धरा. स्लॅशर बांधावरचं गवत आणि गाजर गवत झोडपतो. लॉनवर फिरवला तर झिपऱ्या कापल्यासारखं दिसतं.

स्लॅशर तुम्ही घ्याच, पण बांधासाठी, पार्किंगच्या जागेसाठी. तेवढं गवत ट्रॅक्टरनं कापा.

आता शेत. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा आकडा नाही: उसाची सरी किती फुटी? साडेतीन फुटी असेल तर उभ्या उसात कोणताच ट्रॅक्टर नीट चालणार नाही. साडेचार किंवा पाच फुटी असेल तर छोट्या ट्रॅक्टरनं बाळबांधणीपासून (उसाच्या बुडाशी मातीची पहिली भर) मोठ्या बांधणीपर्यंत सगळं होतं. शोरूममध्ये जाताना टेप घेऊन जा. मागच्या एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट सुटतो का बघा. पत्रकावरचा आकडा धरू नका, टायर आत-बाहेर बसवून रुंदी बदलते. उसाच्या टोकाला वळायला किती जागा आहे, तेही घरून मोजून न्या. बांधापर्यंत ऊस लावलेला असेल तर ट्रॅक्टर वळणार कुठं?

एचपीचं म्हणाल, तर नांगरट मनातून काढून टाका. वर्षातून एकदाची खोल नांगरट ४५-५० एचपीवाल्याकडून करून घ्या, त्या एका कामासाठी मोठा ट्रॅक्टर दारात बांधू नये. तुमची कामं म्हणजे रोटर (माती भुसभुशीत करणारं फिरतं अवजार) मारणं, सरी सोडणं, भर लावणं, फवारणी, खताच्या गोण्या आणि आल्याची पोती वाहणं. त्याला २० ते २४ एचपी पुरे. रोटर तीन-साडेतीन फुटीच घ्या. चार फुटी घेऊन काळ्या मातीत इंजिन दमवू नका. इंजिनाचा एचपी आणि पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांडीचा, एचपी वेगळा असतो, रोटर चालतो तो पीटीओच्या एचपीवर, म्हणून तो आकडा विचारून लिहून घ्या.

फोर व्हील हवाच का? तुमच्याकडे हवा. ट्रॅक्टर हलका असतो तेव्हा ओल्या सरीत मागची दोन चाकं जागेवर फिरतात, चार चाकं ओढली की निघतो. टू व्हील स्वस्त पडतो, मुरमाड माळावर चालूनही जातो. उदाहरणच द्यायचं तर स्वराज ७१७ हा १५ एचपीचा, एका सिलिंडरचा, टू व्हील. महिंद्रा जिवो २४५ हा २४ एचपीचा, दोन सिलिंडरचा, फोर व्हील. कुबोटा निओस्टार बी२४४१ हाही २४ एचपीचा फोर व्हील, सिलिंडर तीन. तुमच्या कामाला मी पुढच्या दोघांच्या वर्गातला बघेन. त्यातला कोणता, हे तुमच्या गावापासून कोणाचा मेकॅनिक जवळ आहे त्यावर ठरवा. भर लावायच्या आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडला आणि मेकॅनिक चार दिवसांनी आला, तर भाड्याच्या ट्रॅक्टरचीच गत झाली.

क्लचकडे मात्र नीट लक्ष द्या. ड्युअल क्लच आहे का विचारा आणि तोंडी उत्तरावर जाऊ नका. ट्रॅक्टर सुरू करायला सांगा, पीटीओ लावायला सांगा, लांब उभं राहून क्लच अर्धा दाबलेला असताना मागची दांडी बघा. ट्रॅक्टर थांबला पाहिजे आणि दांडी फिरत राहिली पाहिजे. सिंगल क्लचमध्ये दोन्ही एकदम सुटतात, आणि स्लॅशरसारखं जड पातं जोडलं असेल तर वेगळाच धोका असतो: पातं स्वतःच्या जोरानं फिरत राहतं, तो जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो, आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. समोर विहीर असली तर? सिंगल क्लचवालाच घ्यावा लागला तर शाफ्टला ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या, म्हणजे तो जोर उलटा येत नाही.

मोठ्या ट्रॅक्टरची शेजाऱ्याकडली अवजारं छोट्याला बसत नाहीत. जोडणीच्या पिनांची जाडी आणि लिफ्टच्या हातांमधलं अंतर वेगळं असतं. म्हणून रोटर, सरी यंत्र, स्लॅशर यांची किंमत ट्रॅक्टरच्या किमतीत धरूनच बजेट मांडा.

जुन्याचं विचारलंत. आमच्या सांगली भागातून जुने छोटे ट्रॅक्टर बरेच विकायला निघतात आणि दिसायला झकास असतात, कारण नांगराला कधी जुंपलेले नसतात. पण बागेत त्यांनी हंगामभर ब्लोअर ओढलेला असतो. झीज बाहेर दिसत नाही, ती पीटीओत असते. दांडीवरच्या खाचा बोटानं चाचपा, कडा धारदार लागल्या किंवा शाफ्ट हातानं हलवल्यावर खडखड वाजला तर सोडून द्या. रेडिएटरच्या जाळीत औषधाची पांढरी-निळी पुटं असतील, पत्र्याचे सांधे आतून गंजलेले असतील, तिकडे बघा. ट्रॅक्टरखाली रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवायला सांगा, सकाळी तेलाचे डाग कुठं पडलेत ते दिसेल. लिफ्टवर वजन उचलून इंजिन बंद करा आणि तिथंच उभ्या राहा. दहा-पंधरा मिनिटांत वजन खाली बसलं तर सील गेलेत. आणि आरसी बुकावरचं नाव, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, हे बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

नवा घेणार असाल तर महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणासाठी आधी अर्ज करा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान मिळत नाही, आणि "तुम्ही घ्या, आम्ही करून देतो" म्हणणाऱ्यांच्या भरवशावर बरेच जण यात फसतात. जमीन तुमच्या नावावर आहे का, सातबारा बघून अर्ज कोणाच्या नावानं करायचा ते ठरवा. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, कोटेशनमध्ये तो तसाच लावलाय का तपासा.

चार एकरांना ट्रॅक्टर परवडतो का, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. ओढाताण होते. गेल्या वर्षी रोटर, सरी, भर, फवारणी, वाहतूक यांना भाड्यापोटी किती दिले, ते वहीतून काढा आणि वर्षाच्या हप्त्याशेजारी लिहा. भाडं हप्त्याच्या निम्म्यालाही पोचत नसेल तर यंदा नुसतं लॉनचं मशीन घ्या, आणि शेजारच्या दोघा-तिघांना विचारून भागीत ट्रॅक्टर होतो का बघा. ऊस आणि आलं ही वेळेवर काम मागणारी पिकं आहेत, म्हणून मी सरळ नको म्हणत नाही.

आता मुलाबद्दल. ताई, सोळाव्या वर्षी त्याच्या हातात ट्रॅक्टर देऊ नका. लायसन अठराला मिळतं आणि तोवर रस्त्यावर काढणं बेकायदा आहे, पण मला काळजी वाटते ती शेतातलीच. पीटीओची दांडी मिनिटाला ५४० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला नऊ. टॉवेलचं टोक अडकलं तर ओरडायच्या आत माणूस आत ओढला जातो. दांडीवरचं प्लॅस्टिकचं कव्हर पहिल्याच वर्षी तुटतं आणि कुणी परत बसवत नाही, तुम्ही बसवा. ट्रॅक्टर चालू असताना मागे कुणी उतरायचं नाही, मडगार्डवर कुणाला बसवायचं नाही.

त्यापेक्षा तुम्ही स्वतः शिका. दाजी सुट्टीला येतील तेव्हा त्यांच्यावर ढकलू नका, त्यांना तरी किती येतं? डिलिव्हरीच्या वेळी शोरूमचा माणूस घरी येतो, त्याला दोन दिवस मागून घ्या आणि रिकाम्या रानात रोटर उचलणं, टेकवणं, मागे घेणं करून बघा. साडी किंवा ओढणी नको, सलवार-कमीजवर अंगाला बसेल असा शर्ट घाला आणि केस बांधा. छोट्या ट्रॅक्टरला ताकद लागत नाही, नजर आणि सबुरी लागते, आणि एकटीनं घर, शेत, लॉन सांभाळणाऱ्या बाईकडे ती आहेच.

मुलाला लॉनचं काम द्या, पण मशीन चालू करायच्या आधीचं. मांडव उठला की गवतात खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचं, सुतळी राहते. फिरणाऱ्या पात्याला लागलेला खिळा गोळीसारखा सुटतो, सुतळी पात्याच्या बेअरिंगला गुंडाळून ते खाऊन टाकते. जुन्या स्पीकरमधलं मोठं लोहचुंबक काठीला बांधून त्यानं आधी सगळं लॉन फिरावं, मग मशीन बाहेर काढावं.

सरी किती फुटी आहे आणि वळायला जागा किती, ते मोजून कळवा, म्हणजे रोटर आणि सरी यंत्राची मापं सांगतो.